जनाची की मनाची?

जयपूरला कंपन्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरांना तोटा नाही. हॉटेलं भरपूर, विमानाची सोय चांगली, आणि संध्याकाळी पाहुण्यांना आमेरचा किल्ला दाखवता येतो. अशा शिबिरात एक खेळ हमखास असतो. प्रत्येकाला एक कार्ड देतात आणि त्यावर ‘तुमची पाच मूल्यं’ लिहायला सांगतात. लोक मन लावून लिहितात. मीही एकदा लिहिली होती. प्रामाणिकपणा पहिला, कुटुंब दुसरं. पुढची तीन आज आठवत नाहीत, आणि ते कार्ड कुठे गेलं तेही.

माणसाला आपली मूल्यं स्पष्ट झाली की खुर्चीवर बसल्यावरही तो ती सोडणार नाही, या भरवशावर हा खेळ चालतो. आपल्या भाषेतही तोच भरवसा आहे. ‘जनाची नाही, तर मनाची तरी’ असं आपण म्हणतो, तेव्हा मन हा शेवटचा पहारेकरी असतो. सगळे झोपले तरी तो जागा राहील, असं आपण धरून चालतो. बिल जॉर्ज या अमेरिकी उद्योगातल्या माणसाने २००३ मध्ये अस्सल नेतृत्वावर पुस्तक लिहिलं आणि त्यानंतर या विषयाचा मोठा बाजार उभा राहिला. त्याचाही पाया हाच: आत बघा, स्वतःला ओळखा, मग बाहेरचं आपोआप नीट होईल.

मला हे उलटं वाटतं. अधिकाराच्या जागेवर सगळ्यात आधी डुलकी लागते ती मनालाच. जी माणसं टिकली, त्यांनी ‘जनाची’ सोय करून ठेवलेली असते. इथे ‘जन’ म्हणजे टाळ्या वाजवणारी गर्दी नव्हे. ज्याला जाब विचारायचा हक्क आपण स्वतःहून दिला आहे, असा माणूस, असा गट किंवा असा नियम. जयपूर आणि त्याच्या आसपासचा मुलूख या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गेल्या शंभर वर्षांत तिथे या प्रश्नाची बरीच उत्तरं देऊन झाली आहेत. त्यांतलं एक तर आपल्या वर्ध्याहून गेलं.

आधी अभ्यासकांचं थोडक्यात. एन्‍रॉन हे नाव मराठी वाचकाला गुहागरजवळच्या दाभोळ प्रकल्पामुळे माहीत आहे. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही त्या कंपनीची जाहीर केलेली चार मूल्यं. डिसेंबर २००१ मध्ये कंपनी बुडाली आणि ते चार शब्द टवाळीचा विषय झाले. पण ते लिहिणारे सगळे लबाडच होते असं मानलं, की आपण फार स्वस्तात सुटतो. त्याहून अडचणीत टाकणारा प्रयोग १९७३ चा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमध्ये पाद्री होण्याचं शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांना एकेक करून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींना विषय दिला होता बायबलमधल्या त्या परोपकारी समरिटनाचा, जो वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलून नेतो. आणि यांच्याही वाटेत एक माणूस दारापाशी कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय’ असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय काय होता, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. परोपकार डोक्यात घोळत असताना माणसं कण्हणाऱ्याच्या शेजारून निघून गेली. आता ज्याची डायरी पंधरा-पंधरा मिनिटांनी भरलेली असते, त्या साहेबाचा किंवा मंत्र्याचा विचार करा.

बेनोआ मोनँ आणि डेल मिलर यांनी २००१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. आपण पूर्वग्रहमुक्त आहोत हे एकदा सिद्ध करून झालं की पुढच्या निवडीत माणूस जास्त मोकळेपणाने पूर्वग्रह दाखवतो. चांगुलपणाची जमा बाजू भक्कम झाली की खर्च सैल होतो, असंच म्हणायचं. क्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७४ मध्ये माणसाचं सांगायचं तत्त्व आणि वापरातलं तत्त्व वेगळं काढलं. दुसरं त्याचं त्यालाच दिसत नाही, हे त्यांचं खरं सांगणं. हर्मिनिया इबारा यांनी २०१५ मध्ये बिल जॉर्जपंथीयांना चिमटा काढला: ‘मी हा असा आहे’ हे फार घट्ट धरणारा माणूस नव्या जागेवर काही शिकतच नाही. एवढं वाचून झाल्यावर पाच शब्दांच्या कार्डावर माझा तरी विश्वास उरत नाही.

जमनालाल बजाज यांच्याकडे कार्ड नव्हतं. जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, जयपूर संस्थानातल्या सीकर ठिकाण्याच्या, म्हणजे जहागिरीच्या, ‘काशी का बास’ या खेड्यातला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घरी ते नातू म्हणून दत्तक आले तेव्हा पाच वर्षांचे होते. सतराव्या वर्षी आजोबा रागाच्या भरात संपत्तीवरून टोचून बोलले. मुलाने कागदावर लिहून दिलं की तुमच्या मालमत्तेवर माझा काही हक्क नाही, आणि घर सोडलं. आजोबांनी समजूत घालून परत आणलं. पुढे वारसा आलाच. पण तो कागद ते विसरले नाहीत. या पैशाचे आपण मालक नसून राखणदार आहोत, हे त्यांनी आयुष्यभराच्या व्यवहाराचं कलम करून टाकलं. संपत्तीच्या विश्वस्तपणाबद्दल लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर मुख्यतः हाच माणूस असे, असं गांधींनी त्यांच्या मृत्यूनंतर लिहिलं आहे.

तरुणपणचा एक बाणेदार कागद पुष्कळांच्या चरित्रात सापडतो. आपल्याला असे प्रसंग आवडतातही. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दच आपण एका प्रसंगावरून घडवला. पण एका दिवसाचा बाणा आणि पस्तीस वर्षांचा व्यवहार यांत फरक आहे. कारखाने, पेढी, काँग्रेसची खजिनदारी, मुलींची लग्नं, संस्थांच्या देणग्या या सगळ्या गदारोळात जमनालालजींनी काय केलं? १९२० मध्ये नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी ते गांधींना म्हणाले की मला तुमचा पाचवा मुलगा माना. वरवर पाहता ही भक्ती. मला त्यात मारवाडी पेढीचा शहाणपणा दिसतो: हिशेब तपासणारा आपल्यापेक्षा कडक असावा. दुसऱ्याच वर्षी त्यांनी विनोबांना वर्ध्याला आणलं, म्हणजे आणखी एक तपासणारा थेट अंगणात आणून बसवला. त्याच वर्षी रायबहादूर ही पदवी सरकारला परत केली.

गांधींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार काका कालेलकरांनी संपादित केला आहे. त्यातली पत्रं वाचताना गंमत वाटते. राजकारण आहे, आश्रमाच्या जमिनी आहेत, तब्येती आहेत, आणि मधेच मनातल्या दुबळेपणाची कबुली आहे. पन्नाशीला आलेला, देशभर ओळखला जाणारा हा माणूस आपले दोष लिहून कळवतो आणि उत्तराची वाट बघतो. हे सगळ्यांना जमेल असं नाही. यात धोकाही आहे. सदसद्विवेक दुसऱ्याच्या हवाली करून मोकळं व्हायचं, असं त्याचं रूप होऊ शकतं. पण जमनालालजींच्या बाबतीत कबुलीनंतर कृती दिसते, म्हणून मी ती शंका फार ताणत नाही. जुलै १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर, जे त्यांच्याच घराण्याचं होतं, त्यांनी विश्वस्तांना राजी करून अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं. स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून. वाटेत कण्हणाऱ्यापाशी थांबायला त्यांना उशीर झालेला नव्हता, असं म्हणू या.

जयपूरचं प्रकरण याहून बोलकं आहे. वर्ध्यात सगळं मांडलेलं असताना जन्मगावच्या संस्थानाशी त्यांचं देणं फक्त भावनेचं उरलं होतं. तरी १९३८ मध्ये, जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या जयपूर राज्य प्रजामंडळाच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सीकर आणि जयपूर दरबार यांच्यातल्या भांडणात त्यांनी मध्यस्थी केली होती, म्हणजे दरबाराला ते परके नव्हते. पण वर्षाच्या शेवटी दुष्काळी भागात मदतीच्या कामासाठी निघाले, तर सवाई माधोपूरला प्रवेशबंदीचा हुकूम हातात पडला. त्यांनी लगेच हुकूम मोडला नाही. गांधींशी बोलले, दरबाराला मुदत दिली, आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये सत्याग्रह म्हणून बंदी मोडून आत गेले. अधिकाऱ्यांनी त्यांना हद्दीबाहेर नेऊन सोडलं. ते पुन्हा आत आले. अखेर दरबाराने त्यांना मोरांसागरला स्थानबद्ध केलं. मार्चमध्ये गांधींनी सत्याग्रह थांबवला, तेव्हा ते आतच होते; सुटका झाली ऑगस्टमध्ये. ज्याच्या सांगण्यावरून आत गेलो त्यानेच लढा थांबवला तरी कडवटपणा येऊ द्यायचा नाही, हे मला हुकूम मोडण्यापेक्षा अवघड वाटतं.

दुसरं उत्तर जयपूरला आलं ते खेड्यांतून, आणि त्यात एक बाप नव्हता, तर सबंध चावडी होती. अरुणा रॉय १९६८ च्या आयएएस. सात वर्षांत त्यांनी नोकरी सोडली. तिलोनियाच्या ग्रामीण कामाच्या संस्थेत काही वर्षं काढल्यावर १९८७ मध्ये त्या शंकर सिंह आणि निखिल डे यांच्यासोबत राजसमंदच्या देवडुंगरीत एका मातीच्या घरात राहायला गेल्या. १ मे १९९० ला मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली. नोकरी सोडली, याचं कौतुक सगळे करतात. मला त्यापुढचं ठरवणं जास्त महत्त्वाचं वाटतं: संस्थांचं अनुदान घ्यायचं नाही, आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांनी रोजगाराच्या कामावर मजुराला मिळणाऱ्या किमान वेतनाएवढंच मानधन घ्यायचं. ज्यांच्या मजुरीसाठी भांडायचं त्यांच्याच मजुरीत राहायचं ठरवलं की ‘लोकांचं हित’ हा शब्द सैल वापरता येत नाही.

डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना इथे पहिली जनसुनवाई झाली. मस्टर रोल, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, मोठ्याने वाचायचा, आणि ज्याचं नाव आलं त्याने उठून सांगायचं की मी तिथे कामाला होतो की नव्हतो. याहून साधी गोष्ट नसेल. मेलेल्यांची नावं निघाली, न झालेली कामं निघाली. असे कागद लोकांना हक्काने बघायला मिळावेत म्हणून १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवसांचं धरणं झालं, १९९७ मध्ये जयपूरला त्रेपन्न दिवसांचं. जयपूरच्या धरण्याचा शेवट एखाद्या तमाशाच्या वगात शोभावा असा आहे. लोक ज्या आदेशासाठी रस्त्यावर बसले होते तो आम्ही काही महिन्यांपूर्वीच राजपत्रात छापला आहे, असं सरकारने सांगितलं. माहितीच्या हक्काचा आदेश गुप्त होता! त्यातून २००० चा राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा आला. महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या उपोषणांच्या दबावाखाली २००२ चा कायदा आला, आणि देशाचा २००५ मध्ये. संघटनेने ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा सरकारला ऐकवली, पण आधी स्वतःला लागू केली. भीमला चालवलेल्या किराणा दुकानात मालाचे भाव आणि हिशेब फळ्यावर असत.

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात घडलेली गोष्ट याहून शांत आहे. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या लक्षात आलं की पाय तुटलेल्या शेतकऱ्याला बसवलेला विलायती कृत्रिम पाय काही दिवसांत घराच्या कोपऱ्यात जातो. त्या पायाला बूट लागतो. उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, चिखलात उतरता येत नाही. डॉक्टरांचं काम तर उत्तम झालेलं होतं. रुग्ण तक्रारही करत नव्हता. तो फक्त पाय वापरत नव्हता. हा न बोललेला जाब ऐकू येणं, यालाच मी त्या कहाणीतलं मूल्य म्हणतो. उत्तर सापडलं ते रुग्णालयात हस्तकला शिकवायला असलेल्या रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हाताने: रबर, लाकूड, व्हल्कनायझिंग, आणि खडबडीत जमिनीवर वाकणारा घोटा. १९६८ च्या सुमारास जयपूर फूट तयार झाला आणि त्याचं पेटंट घेतलं गेलं नाही.

तरी पहिल्या सात वर्षांत तो जेमतेम पन्नास-साठ लोकांपर्यंत पोचला. देवेंद्रराज मेहता हे राजस्थानातले सनदी अधिकारी. १९६९ मध्ये मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. १९७५ मध्ये त्यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती काढली आणि पुढे हा आकडा लाखांत गेला. समितीचे नियम बघण्यासारखे आहेत. पाय फुकट. वेळ ठरवून यायची गरज नाही. रुग्ण रात्री आला तरी दाखल. राहण्याजेवणाची सोय तिथेच. शक्य तितक्या लवकर पाय बसवून घरी. म्हणजे दयाळूपणा कर्मचाऱ्याच्या मूडवर सोडलेला नाही. प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना जे नडलं ते इथे आधीच बाजूला काढून ठेवलं आहे.

या कहाणीला सुरकुत्याही आहेत. १९८१ चा मॅगसेसे सन्मान सेठींना मिळाला. ज्यांच्या हाताने पाय घडला त्या रामचंद्र शर्मांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न पुढे पुन्हा पुन्हा छापून आला. मोठ्या शिबिरांत शेकडो पाय बसवताना वर्षभराने त्यांतले किती कोपऱ्यात जातात हे कोण पाहतं, अशी शंका या क्षेत्रातल्या जाणकारांनी घेतली आहे. रुग्णाच्या घरचा कोपरा बघण्यातूनच जे जन्मलं, त्याच्यापुढे तोच कोपरा पुन्हा उभा राहावा, यात काही नवल नाही. आणि मेहता १९९५ ते २००२ शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे अध्यक्ष होते. २००१ च्या केतन पारेख शेअर घोटाळ्यात सेबीवर बरीच टीका झाली. एकाच माणसाने उभ्या केलेल्या संस्थेत दार रात्रीही उघडं राहतं, आणि त्याच्याच हाताखालच्या दुसऱ्या संस्थेला चोर उशिरा दिसतो. म्हणूनच मूल्यं माणसाच्या खिशात असतात असं समजून चालत नाही. कोणत्या जागी त्याला कोण विचारतं, हे पाहावं लागतं.

उद्योगातलं एक उदाहरण धावतं सांगतो, कारण त्याबद्दल कौतुकाचं लिखाण उदंड आहे. नंदकिशोर चौधरी यांनी १९७८ मध्ये चुरूला दोन मागांवर गालिचे विणायला सुरुवात केली. ज्यांना अस्पृश्य मानलं जाई अशा विणकरांबरोबर बसतो म्हणून घरच्यांनी नाकं मुरडली. पुढे जयपूर रग्ज ही कंपनी झाली आणि सी. के. प्रल्हाद यांनी तिच्यावर लिहिलं. चौधरींनी विणकराला स्वतःच्या मनाचा गालिचा विणू दिला, हा मला त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय वाटतो. पण माग घरी, बाजार परदेशात आणि भाव ठरवणारा मधे, अशा धंद्यात विणकराचा जाब मालकापर्यंत मालकाच्या चांगुलपणानेच पोचतो. पुढच्या पिढीत तो कसा पोचेल, यावर माझं मत राखून ठेवतो.

एक प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते माझ्याच म्हणण्याला अडचणीत आणतं. जमनालालजी ११ फेब्रुवारी १९४२ ला वर्ध्यात अचानक गेले. सहा महिन्यांनी ‘भारत छोडो’ सुरू झालं. जयपूर प्रजामंडळाची सूत्रं तेव्हा हिरालाल शास्त्रींकडे होती. शास्त्री काही खुर्चीला चिकटलेले गृहस्थ नव्हते. १९२७ मध्ये संस्थानातली बरी नोकरी सोडून ते बनथली या खेड्यात जीवनकुटीर काढून राहिले होते. १९३५ मध्ये तिथेच त्यांची बारा वर्षांची मुलगी शांताबाई गेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी आणि त्यांच्या पत्नी रतनजींनी मुलींची शाळा सुरू केली. अशा माणसाने १९४२ मध्ये जयपूरचे नवे पंतप्रधान सर मिर्झा इस्माईल यांच्याशी समझोता केला. दरबाराने इंग्रजांच्या युद्धाला माणसं आणि पैसा देऊ नये, शांततेच्या प्रचाराला आडकाठी करू नये, जबाबदार राज्यपद्धतीच्या दिशेने जावं. आणि प्रजामंडळाने दरबाराशी थेट टक्कर घेऊ नये. बाबा हरिश्चंद्र, रामकरण जोशी, दौलतमल भंडारी यांना ही शरणागती वाटली. त्यांनी वेगळा आझाद मोर्चा काढला आणि तुरुंगात गेले.

इथे शास्त्रींना जाब विचारणारं कुणी नव्हतं असं म्हणता येत नाही. उलट दोघे होते, आणि दोघांचं म्हणणं वेगळं. देशाचा पुकारा एकीकडे. दुसरीकडे संस्थानातली माणसं, मोडली तर पुन्हा उभी राहायला वर्षं लागणारी संघटना, आणि बनथलीची शाळा. माक्स वेबर यांनी १९१९ मध्ये म्युनिकच्या विद्यार्थ्यांपुढे राजकारणावर बोलताना हीच कात्री दाखवली होती. श्रद्धेला जागणारी नीती परिणामांकडे बघत नाही. जबाबदारीला जागणारी नीती बघते. आणि राजकारण करणाऱ्याला दोन्हींपैकी एकही कायमची टाकता येत नाही. शास्त्रींनी दुसरी धरली. १९४६ मध्ये प्रजामंडळाचा प्रतिनिधी जयपूरच्या मंत्रिमंडळात आला, हे त्यांच्या बाजूने सांगता येतं. पण १९४२ च्या ऑगस्टमध्ये जयपूरच्या तरुणांनी आपल्या पुढाऱ्यांकडे पाहिलं तेव्हा त्यांना काय दिसलं असेल, हेही विसरता येत नाही. जमनालालजी असते तर काय म्हणाले असते, हा खेळ मी खेळणार नाही. आधी ठरवून ठेवलेला जाब विचारणारा माणूस घसरण थांबवू शकतो. दोन खऱ्या देण्यांमधून निवड करून देऊ शकत नाही.

शास्त्री १९४९ मध्ये राजस्थानचे पहिले मुख्यमंत्री झाले. जानेवारी १९५१ मध्ये पायउतार झाले. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव ‘प्रत्यक्ष जीवनशास्त्र’. जयपूरहून सत्तरएक किलोमीटरवर, टोंक जिल्ह्यात, शांताबाईच्या नावाने सुरू झालेली ती शाळा आज वनस्थली विद्यापीठ आहे. हजारो मुली तिथे राहून शिकतात, घोड्यावर बसतात, विमान चालवायला शिकतात. अंगावर खादी असते. तो नियम शास्त्रींच्या काळातला आहे, आणि नव्याने आलेल्या मुली त्यावर कुरकुरतात, मग घालतात.